बैलाला पोळा, कोंबडीला आखाड

वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या खालोखाल कुठलं पीक जोमात येत असेल तर ते एका वाक्याचं. "गावरान कोंबडीले काई होत नाई." पेरणी नाही, फवारणी नाही, बारमाही पीक. पारावर येतं, लग्नाच्या पंगतीत येतं, आणि मोबाइलवरच्या 'शून्य खर्चात लखपती'वाल्या व्हिडिओत तर एकरी उतारा विचारूच नका. हेच वाक्य म्हणणारे गृहस्थ चैत्रात भेटले की मान हलवत सांगतात, "साथ आल्ती ना. अठराच्या अठरा गेल्या."

आता मला सांगा, जिला काही होत नाही ती मेली कशानं? वैराग्यानं?

आमच्या शेजारी भाऊसाहेब राहतात. भाऊसाहेब हे नाव नव्हे, पदवी आहे. कचेरीतला शिपाई ज्याला नावानं ओळखतो अशा कुणालाही गावात ती मिळते. या भाऊसाहेबांचं वरच्या दोन्ही वाक्यांवर सारखंच प्रेम. तर्कशास्त्रात याला वदतोव्याघात म्हणतात. आमच्याकडे याला अनुभव म्हणतात.

मी मंगरुळपीर तालुक्यात राहते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि परसात चौदा कोंबड्या पाळते. एवढ्यावर थांबले असते तर गावात माझी कीर्ती चांगली राहिली असती. बाईनं कोंबड्या पाळाव्यात. कोंबड्यांविषयी मत पाळू नये.

तर गोष्ट पौषातली. संध्याकाळी खुराडं लावायला गेले तर आतून आवाज आला. जुन्या रेडिओवर स्टेशन लागता लागता राहून जावं तशी खरखर. कान लावून मोजलं, चार कोंबड्या. त्यातली काळी शिंकतही होती. कोंबडीची शिंक ऐकलीय कधी? एवढीशी असते. चिक्, की मान झटकून पुन्हा गप्प. ग्रामसभेत सरपंचांशी असहमत असलेला माणूस जेवढा आवाज करतो, तेवढाच.

सकाळपर्यंत गावभर निदान तयार. "सर्दी झाली."

चोरी झाल्यावर हवालदारानं वहीत 'सामान गेलं' असं लिहून वही मिटावी, तसं हे निदान. सर्दी हा रोग नव्हे. ती रोगानं दारावर मारलेली थाप. दाराबाहेर उभं कोण आहे ते बघायचं की नाही? पण बघणं हे काम कनिष्ठ दर्जाचं. आपल्याकडे श्रेष्ठ दर्जाचं काम म्हणजे उपाय सांगणं.

भाऊसाहेब उपाय हातात घेऊनच आले. देशीचं झाकण, त्यात लसणाचा रस, वर हळद. "घशाखाली उतरलं का मोकळी होते पाहा." मी कोंबडी मागं घेतली. कारण आदल्या वर्षी समोरच्या काकूंच्या कोंबडीवर हाच प्रयोग मी डोळ्यांनी पाहिला होता. भाऊसाहेबांनी तिची छाती मुठीत गच्च आवळली, चोच फाकवली, झाकण ओतलं. कोंबडीनं दोनदा पंख मारले आणि संपली. "रोग लय पुढं गेल्ता," भाऊसाहेब म्हणाले.

रोग कुठंही गेला नव्हता. झाकण गेलं होतं. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशी उघडंच असतं. वरून ओतलेलं पाणी थेट फुफ्फुसाकडे जाऊ शकतं. शिवाय तिला आपल्यासारखं श्वासपटल नाही. फुफ्फुसं बरगड्यांना चिकटलेली, जवळपास न हलणारी, आणि त्यांना जोडलेल्या नऊ हवेच्या पिशव्या. छाती-पोट हललं तरच भाता चालतो. म्हणजे छाती आवळून तुम्ही भाता बंद केला आणि नळीत दारू ओतली. याला गावठी उपचार म्हणतात. माणसावर केला तर भारतीय न्याय संहिता लागते.

मग मी तालुक्याला गेले. तिथं शेतीच्या औषधांचं एक दुकान आहे. नाव सांगत नाही, कारण तशी दुकानं तुमच्याही तालुक्यात आहेत आणि सगळ्यांचा मालक एकच आहे, आत्मविश्वास. त्यानं विचारलं, "किती पक्षी?"

"चौदा."

तो हसला. तुच्छतेनं नव्हे, दयेनं; किराणा दुकानात कुणी एक बदाम मागावा तसा. मग पाचशे पक्ष्यांच्या हिशेबाचं पिवळ्या पुडीचं पाकीट समोर ठेवलं. "हे सगळ्यावर चालते."

सगळ्यावर चालणाऱ्या दोनच गोष्टी मला माहीत आहेत: एक बुलडोझर, दुसरा देव. ही तिसरी अँटिबायोटिकची पूड निघाली. असल्याच बेफिकिरीपायी कोलिस्टिन, म्हणजे माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध, कोंबड्यांच्या खाद्यातून वाटलं जात होतं. 2019 मध्ये केंद्र सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. पण दुकानदाराचा खरा गुन्हा पुडीचा नाही. त्यानं मला कोंबडीबद्दल एक प्रश्नसुद्धा विचारला नाही, हा आहे. 'किती पक्षी' हा प्रश्न कोंबडीबद्दल नव्हता, माझ्या पाकिटाबद्दल होता.

काय विचारायला हवं होतं? तुम्ही शहाणे आहात, तुम्हालाच सांगते.

डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस आहे का? घरघर आहे, शिंका आहेत, पण कोंबडी दाणे टिपतेय, थंडीत हळूहळू एकीकडून दुसरीकडे चाललंय आणि मरत फारसं कुणी नाही? मग संशय मायकोप्लाझ्मावर, ज्याला पोल्ट्रीवाले सीआरडी म्हणतात. हे प्रकरण आईकडून अंड्यातून पिल्लात येतं, म्हणजे वारसा हक्कानं; औषधानं दबतं, पण घर सोडत नाही. तोंड एका बाजूनं सुजलंय आणि नाकातून येणाऱ्या पाण्याला नाक धरायला लावणारी घाण येतेय? कोरायझा. अंडी वेडीवाकडी, कवच सुरकुतलेलं, फोडल्यावर पांढरा बलक पाण्यासारखा पळतोय? मग कोंबडीचा ब्राँकायटिस. विषाणूचं काम, पुडी नाल्यात गेली तरी चालेल. खोकताना रक्ताचे थेंब भिंतीवर? तो आणखी वेगळा विषाणू. तुऱ्यावर खपल्या आणि घशात पिवळा थर? देवी. हा थर नखानं खरवडून काढणारे शल्यविशारद आमच्या गावात दोन आहेत, रक्त आलं की म्हणतात, "घाण निघाली."

पिल्लं चोच वासून श्वास घेताहेत, पण आवाजच नाही? मग आधी खाली बघा. वाशिममध्ये खाली काय असतं? सोयाबीनचं कुटार. पावसात भिजलेलं, आतून बुरसलेलं कुटार आपण पिल्लांना ऊब म्हणून अंथरतो आणि बुरशी त्यांच्या फुफ्फुसात पांढऱ्या-पिवळ्या गाठी अंथरते. यावर अँटिबायोटिक देणं म्हणजे घराला आग लागल्यावर घरपट्टी भरणं. आणि मे महिन्याच्या दुपारी सगळ्याच कोंबड्या चोच वासून, पंख पसरून धापताहेत? त्यांना काही झालेलं नाही हो. त्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, उन्हाळा असतो. सावली करा, गार पाणी ठेवा. त्यांनाही पुडी पाजणारे महाभाग आहेत.

इतकी सगळी माणसं दाराबाहेर उभी असू शकतात आणि आपण आतून ओरडतोय, "सर्दी!"

आता माझीही फजिती सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई फारच शहाणी. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले. गावाच्या भाषेत ढोरायचे डॉक्टर. कोंबडीसाठी बोलावलं म्हणून आधी त्यांनाच नवल वाटलं. त्यांनी पुडीकडे पाहिलं नाही, कोंबडीकडेही लगेच पाहिलं नाही. खुराड्याचं दार उघडून उकिडवे बसले, डोकं आत घातलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही या जरा इथं."

मी डोकं आत घातलं. डोळ्यांत झणझणलं, पाणी आलं. थंडी लागू नये म्हणून मी मायेनं चारी बाजूंनी पोती ठोकली होती. खालची विष्ठा ओली, वर हवा कोंडलेली, मध्ये अमोनिया. आपण उभ्यानं वास घेतो, कोंबडी वीतभर उंचीवर रात्रभर तो श्वासात घेते. नाकातली-श्वासनळीतली बारीक लव त्यानं झडते, आणि मग एरवी गपचूप बसलेला मायकोप्लाझ्मा पाय पसरतो. तीस वर्षं सातवीला अमोनियाचा वास शिकवला. घरच्या खुराड्यात ओळखला नाही. भाऊसाहेबांच्या झाकणाला हसणाऱ्या बाईनं पोत्यानं तेच केलं होतं.

पोती वरच्या बाजूनं सोडली, खालचं उपसलं, कोरडा भुसा टाकला. डोळ्यांत फेस असलेल्या चौघी वेगळ्या डालग्यात, त्यांचं पाणी वेगळं, त्यांचं काम शेवटी. औषध डॉक्टरांनी तोलून दिलं, तेवढ्याच दिवसांचं, आणि बजावलं की मी सांगेपर्यंत यांची अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत. दहाव्या दिवशी खुराड्यातला रेडिओ बंद झाला.

जाताना डॉक्टरांनी विचारलं, "मानमोडीची लस दिली का?"

मी गप्प. पुन्हा फजिती.

मानमोडी म्हणजे राणीखेत. बघा, कुमाऊंच्या थंड हवेच्या सुंदर गावाचं नाव आपण कोंबड्यांच्या सर्वांत कुरूप मरणाला दिलं. 1920 च्या दशकाच्या अखेरीस भारतात हा रोग पहिल्यांदा तिथं ओळखला गेला. त्याच सुमारास इंग्लंडात न्यूकॅसलला सापडला म्हणून बाकी जग त्याला न्यूकॅसल म्हणतं. गंमत अशी की 1918 च्या इन्फ्लुएंझालाही आपल्याकडे लोक मानमोडीच म्हणत. माणसाची मानमोडी कथेत गेली. कोंबडीची मात्र दर उन्हाळ्याला येते, आणि आपण दर उन्हाळ्याला तिचं पाव्हणीसारखं स्वागत करतो. आधी धाप, घरघर, हिरवी पातळ विष्ठा. मग मान पिळवटते, कोंबडी स्वतःभोवती फिरते. लस नसलेल्या कळपात जोराची साथ आली तर दहातल्या नऊ जातात, कधी दहाही. याला औषध नाही. कुठलंच नाही. पुडी नाही, झाकण नाही, मंत्र नाही.

लस मात्र आहे, आणि ती माझ्याहून वयानं मोठी आहे. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेच्या नावाची लस 1940 च्या दशकातली. लासोटा लसीचा सौम्य विषाणू न्यू जर्सीतल्या लासोटा आडनावाच्या कोंबडीपालकांच्या फार्मवर सापडला, तोही त्याच दशकात. पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटाचा एक थेंब. दोन महिन्यांच्या आसपास मुक्तेश्वरची सुई, आणि ती लहान पिल्लाला कधीच नाही, कारण तीच त्याला मारेल. ज्ञान हे एवढंच. पोस्टकार्डावर मावतं. इकडे आमचं वाशिम वाकाटकांच्या काळातलं वत्सगुल्म, राजधानीचं ठिकाण; 1998 साली अकोल्यातून निघून जिल्हा झालं, 2018 साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत बसलं. राजधानी झाली, जिल्हा झाला, आकांक्षा झाली. थेंब काही खुराड्यापर्यंत पोचला नाही.

का पोचत नाही? बाटली बघा म्हणजे कळेल. मला मिळाली त्यात शंभर मात्रा होत्या. माझ्याकडे कोंबड्या चौदा. बाटली बर्फातून आणायची, एकदा द्रावण केलं की तास-दोन तासांत संपवायची, उरलेलं टाकायचं. ही व्यवस्था ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांसमोर हजार पक्ष्यांचा शेड होता, पदरात बारा कोंबड्या असलेली बाई नव्हतीच. आणि योजनेच्या पुस्तिकेवर छायाचित्र कुणाचं? त्याच बाईचं. हसतमुख. परसातील कुक्कुटपालनातून महिला सक्षमीकरण!

तर मी फाल्गुनात घरोघर फिरले. नऊ घरं, शहाण्णव कोंबड्या. सकाळी उजाडायच्या आत, कोंबड्या सोडायच्या आधी, चहाच्या थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात बाटली. एकीनं धरायची, दुसरीनं डोळ्यात थेंब टाकायचा, कोंबडीनं पापणी मिटून उघडली की सोडायची. चिक् नाही की फिक् नाही. दीड तासात काम आटोपलं. माझ्या चौदातली एक तलंग तेवढी निसटून कडुलिंबावर चढली आणि शेवटपर्यंत खाली आली नाही. म्हटलं, असू दे, लोकशाही आहे.

भाऊसाहेबांच्या दारात मात्र आम्हाला प्रवचन मिळालं. "लस देल्यानं कोंबडी गावरान राहत नाई. अंड्याची चव जाते." ज्या माणसाच्या खिडकीत त्याच पिवळ्या पुडीचं उघडं पाकीट वाऱ्यानं फडफडत होतं, तो मला नैसर्गिकतेवर बोलत होता. आम्ही पुढच्या घरी गेलो.

चैत्र आला. भाऊसाहेबांनी आठवडी बाजारातून एक देखणा कोंबडा आणला, स्वस्तात. स्वस्तात का मिळाला, हे विचारायचं नसतं, सौदा मोडतो. मी सांगते का मिळाला. गावात मरतुक सुरू झाली की शहाणा माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे उरलेल्या कोंबड्या बाजारात नेतो. मरायच्या आत विकायच्या. घेणारा त्या आपल्या गावाला नेतो. रोगाला ना एसटीचं तिकीट लागत, ना पाय. आपणच त्याचे पाय. नव्या पक्ष्याला निदान तीन आठवडे वेगळं ठेवा, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मी साथ वेशीवर अडते. पण वेगळं ठेवायला जागा कुठं आहे, भाऊसाहेबांचं घर पाच खोल्यांचंच तर आहे.

चौथ्या दिवशी कोंबड्याची मान फिरली. आठवड्यात अंगण रिकामं होऊ लागलं. भाऊसाहेबांनी दोन कापून रस्सा केला, पिसं-आतडी उकिरड्यावर टाकली, कुत्र्यांनी ती गावभर वाटली, आणि पाच जिवंत बाजारात गेल्या. हेच भाऊसाहेब 2020 च्या फेब्रुवारीत, कोंबडीनं कोरोना होतो या अफवेपायी, कोंबडीच्या सावलीलाही उभे राहत नव्हते. जिल्ह्याजिल्ह्यात पोल्ट्रीवाले बुडाले, कोंबड्या फुकट वाटल्या गेल्या, आणि रोग कोंबडीत नव्हताच. अफवेला घाबरायचं, रोगाला फोडणी द्यायची.

मी डॉक्टरांना फोन केला. का, तेही ऐका. एकाएकी भराभर मरतुक झाली तर ती मानमोडी आहे की बर्ड फ्लू, हे डोळ्यांनी कुणालाच सांगता येत नाही. भाऊसाहेबांना येतं, पण ते अपवाद. अशा वेळी कोंबडी फाडून बघायची नाही, शेजारी वाटायची नाही. 1962 या फोन क्रमांकावर किंवा दवाखान्यात कळवायचं. 2006 मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात, आणि 2025 च्या फेब्रुवारीत आमच्याच कारंजा तालुक्यात खेर्ड्याच्या एका पोल्ट्रीवर हजारो कोंबड्या मेल्या तेव्हाही. तेव्हा जिल्ह्याला एकदम शोध लागला की आपल्याकडे कोंबड्या असतात. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, परीघ आखले गेले, भोपाळच्या प्रयोगशाळेचं नाव पारावरच्या पोरांना पाठ झालं. हजारोंनी मेली तर कोंबडी बातमी होते. अठरा मेल्या तर रस्सा होते.

आमच्या गावच्या नमुन्यांत बर्ड फ्लू नव्हता, मानमोडीच होती. नऊ घरांतल्या थेंब घेतलेल्या शहाण्णव दाणे टिपत होत्या. माझी एकच गेली, कडुलिंबावरची. भाऊसाहेबांनी यावरही विचार केला आणि पारावर निष्कर्ष जाहीर केला: "यायच्या लसीनंच रोग आला. पाहा ना, यायच्या वाचल्या, आमच्या मेल्या." या युक्तिवादापुढं मी हात टेकले. छत्री असलेला कोरडा राहिला, म्हणजे पाऊस त्यानंच पाडला.

त्या रात्री मागच्या दारानं वहिनी आल्या, भाऊसाहेबांच्या मंडळी. पदराच्या गाठीत अंड्यांचे पैसे होते, तेवढेच उरलेले. मला तेव्हा कुठं लक्षात आलं की इतका वेळ मीसुद्धा 'भाऊसाहेबांच्या कोंबड्या' म्हणत होते. दाणे वहिनी टाकत. खुराडं त्या लावत. अंडी विकून पोराच्या वह्या त्या आणत. बैल आजारी पडला तर भाऊसाहेब गाडी करून डॉक्टर आणतात, कारण बैल त्यांच्या नावावर आहे. बैलाला पोळा आहे, पुरणाची पोळी आहे. कोंबडी बाईची. तिला सणांपैकी एकटा आखाड, आणि त्या दिवशीही ती ताटात. कोंबडीचं निदान अवघड म्हणून होत नाही, असं मला वाटायचं. आता वाटत नाही. ज्याच्या धनाची किंमत घरातच कुणी करत नाही, त्याच्या खोकल्याला कोण कान लावणार?

"लोकायपुढं म्हंतात माया कोंबड्या," वहिनी म्हणाल्या. "मेल्या तवा मले म्हंतात, तुया कोंबड्या मेल्या."

आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी माझी खुडूक काळी उसनी मागितली, तिच्याखाली अंडी बसवायला. आणि म्हणाल्या, पुढची बाटली आणाल तवा माये थेंब धरजा.

मी यादीची वही काढली. दहावं घर. पेन थांबलं.

"नाव कोणाचं लिहू, वहिनी?"

"मायं लिवा," त्या म्हणाल्या. "त्यायचं कायले?"